ग्रेडरसाहेबांचा पांढरा रंग

तुम्ही त्यांच्यासमोर एखादी मऊ वस्तू ठेवून पाहायला हवी होती. शाल असो, देवाजवळची वात असो, नाहीतर जत्रेतले साखरेचे गुलाबी केस, त्यांचा उजवा हात आपोआप पुढे व्हायचा. चिमूटभर काढायची, दोन्ही अंगठ्यांत धरून हळूच ओढायची, एकावर एक ठेवून पुन्हा ओढायची, आणि जे चार-सहा तंतू हातात राहतील ते डाव्या बाहीवर ठेवून डोळ्यांजवळ न्यायचे. त्या बाहीवर त्यांच्या बायकोनं काळ्या छत्रीच्या कापडाचा चौकोन शिवून दिला होता. एका शर्टाला नाही, सगळ्या शर्टांना. लग्नाकार्यात घालायच्या शर्टालासुद्धा.

आमच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनी पाहुण्यांच्या खांद्यावरच्या शालीचा त्यांनी भर कार्यक्रमात असाच धागा काढला. वर चार ओळींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "लोकर नाही हे." मी डोळे वटारले तर मलाच म्हणाले, "ताई, हात लावून पाहा, मग बोला."

हे त्यांचं वाक्य. ते कापसाला लागू होतं, रंगाला लागू होतं आणि माणसांनाही लागू होतं.

गावात त्यांना सगळे ग्रेडरसाहेब म्हणत. मीही तेच म्हणते, नाव कशाला हवं? दारव्ह्याजवळच्या एका कापूस खरेदी केंद्रावर ते प्रतवारी करायचे. शेतकऱ्याची गाडी आली की हे गाडीत कोपरापर्यंत हात घालायचे, पोटातला कापूस उपसायचे, धागा ओढायचे, बाहीवर ठेवायचे आणि प्रत सांगायचे. ती सांगितली की विषय संपला. पुढचा भाव त्याच्यावर ठरायचा. आता अशा जागेवरच्या माणसाबद्दल लोक काय काय बोलतात ते तुम्हाला मी सांगायला नको. पण यांच्याबद्दल कोणी बोलत नसे. ते केंद्रावर कोणाचा चहा पीत नसत, पाण्याची बाटलीही घरून आणत. "साहेबानं सांगतलं म्हणजे तसंच असंन," असं म्हणून माणसं गाडी पुढे हाकायची. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं यावरच येणार आहे.

मी त्या वेळी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होते. आमचं घराणं तीन पिढ्या कचेरीतलं. कापूस मी पाहिलेला तो उशीत आणि निरांजनात. माझा सगळा रुबाब 'शांतता राखा' या पाटीवर चाले. ती पाटी माझ्या टेबलामागे होती आणि तिच्यावर हात ठेवून मी नुसतं पाहिलं तरी निवृत्त तहसीलदार पेपरची घडी हळू घालत.

वैशाखातल्या एका दुपारी ग्रेडरसाहेब आले आणि टेबलाशी न थांबता सरळ मागच्या भिंतीवरच्या चित्राकडे गेले. ते चित्र तुम्ही पाहिलं नसेल, पण आमच्याकडच्या दोन-तीन पिढ्या त्याच्याखाली बसून पेपर वाचून गेल्या. कोण्या जुन्या ड्रॉइंगमास्तरानं काढून वाचनालयाला दिलेलं तैलचित्र. कोपऱ्यातली सही कोणाला लागत नव्हती. चित्रात सीतादही. म्हणजे कापूस पहिल्यांदा वेचायचा त्या दिवशी बाया शेतात दहीभात नेतात, पूजा करतात, दहीभात पऱ्हाटीवर, कापसाच्या झाडांवर, शिंपडतात आणि मग वेचायला लागतात. दह्यासारखा पांढरा कापूस घरात यावा म्हणून. चित्रात पाच बाया होत्या, कमरेला वेचणीची ओटी बांधलेल्या. पुढचीच्या हातात पितळी गडवा, आणि पायाशी फुटलेली बोंडं.

"ताई," ते पाठमोरेच म्हणाले, "हे उतरवाचं हाय मले."

"खाली? कमिटीची परवानगी लागेल."

"भिंतीवरून नाही. कापडावर."

लहानपणापासून त्यांना चित्रांचा नाद. बाभुळगावच्या घराच्या भिंती त्यांनी कोळशानं भरून टाकल्या होत्या म्हणे. वडिलांनी कान धरून सरकी काढायच्या जिनिंगमध्ये कामाला लावलं. आता निवृत्ती दिसू लागली होती, तेव्हा त्यांनी नागपूरहून तैलरंगांच्या नळ्या मागवल्या होत्या. शिकवायला कोणी नव्हतं. मग त्यांनी ठरवलं की हेच चित्र गुरू. "नक्कल करतो म्हणजे त्या मास्तरच्या मांगं मांगं चालत जातो," ते म्हणाले. "त्यानं पह्यले पाय कुठी टाकला, मंग कुठी, ते समजलं का झालं. मले बाकी काही नको. त्याचा तो पांढरा पाह्यजे."

"पांढऱ्याची तर नळी मिळते," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या पदवीची लाज वाटली.

सोमवारी वाचनालय बंद असे. मी त्यांना सोमवारची दुपार दिली, आणि किल्ली माझ्याकडे म्हणून मीही तिथे बसू लागले. दोन सोमवार नुसती पाहत बसले. तिसऱ्या सोमवारी त्यांनी दोन चौकटी आणल्या. "रिकाम्या बसू नका," म्हणाले. असं माझं शिक्षण सुरू झालं. माझं वय तेव्हा अडतीस.

चौकटीवर मांजरपाट ताणायचा, त्याला सरस आणि खडूची पूड चढवायची, वाळलं की घासायचं, पुन्हा चढवायचं. त्यातच महिना गेला. मग त्यांनी मूळ चित्रासमोर आडव्या-उभ्या दोऱ्यांची जाळी टांगली आणि तेवढेच चौकोन आमच्या कापडावर आखले. एकेका चौकोनात जे दिसेल तेच काढायचं. "बाई नका काढू," ते सांगायचे, "चौकोन काढा. बाई आपोआप येते." मला बाईच काढायची घाई. त्यामुळे माझ्या गडवेवालीची मान पहिल्यांदा बगळ्यासारखी झाली. त्यांनी ती टर्पेंटाइननं पुसली आणि बोळा माझ्या हातात दिला.

सगळ्यात हाल झाले ते पांढऱ्यासाठी. तो नळीत होता आणि नळी त्यांच्या खिशात. दोन महिने त्यांनी मला फक्त मातकट तपकिरी रंगात चित्र करायला लावलं. उजेड, सावली, सगळं मातीत. "पांढरा आखरीले. पह्यलेच लावला का सगळं दुधाळ होते." पहिला थर टर्पेंटाइन घालून पातळ, मग वरवर तेल वाढवत जायचं. मी एकदा उलटं केलं, खाली तेलकट आणि वर पातळ. महिन्याभरात माझ्या शेताला उन्हाळ्यातल्या काळ्या जमिनीसारख्या भेगा पडल्या. त्यांना एवढा आनंद झाला! "वा ताई! आता हे तुम्ही जनमभर नाही इसरणार." खरंच विसरले नाही.

तेल त्यांनी घाण्यावरून आणलं होतं. जवसाचं. काचेच्या बाटलीत भरून वाचनालयाच्या गच्चीच्या कठड्यावर उन्हात ठेवलं, म्हणजे निवळून पाण्यासारखं होतं. रोज संध्याकाळी येऊन ते बाटली उजेडात धरून बघायचे. बाटली रोज थोडी कमी व्हायची. "उन्हानं उडून राह्यलं काय?" त्यांना कोडं पडलं. शेवटी आमच्या शिपायाच्या डब्यात त्याचा उलगडा झाला. भाकरीवर तिखट आणि त्यावर चकचकीत जवसाचं तेल! "साहेब, इतकं सुद्द तेल मी उभ्या जन्मात नाही खाल्लं," तो मान खाली घालून म्हणाला. साहेबांनी बोट बुडवून चाटून पाहिलं. "हो," म्हणाले, "चांगलं निवळलं." शेजारच्या बाटलीत टर्पेंटाइन होतं. त्याचा वास आमच्या शिपायाला आवडला नाही, हे आमचं नशीब.

दसरा झाला आणि कापसाचा हंगाम लागला. त्या वर्षांत कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं. कधी पाऊस दगा देई, कधी बोंडात अळी निघे, आणि पीक आलंच तर केंद्राबाहेर गाड्यांची रांग दोन-दोन दिवस हलत नसे. जिल्ह्याच्या पानावर कसल्या बातम्या येत ते मी रोज सकाळी पेपर काठीला लावताना वाचत होते. काही दिवस तर पेपर लावूच नये असं वाटे. ग्रेडरसाहेब मात्र सोमवारी दुपारी येतच. अंगभर कापसाचे तंतू घेऊन येत आणि दारात उभे राहून स्वतःला झटकत.

आता आम्ही दोघंही पांढऱ्यापर्यंत पोचलो होतो. आणि इथेच आमचं भांडण लागलं.

त्यांचा कापूस निळा होऊ लागला. जास्त नीळ घातलेल्या शाळेच्या शर्टासारखा. ते पांढऱ्यात चिमूट-चिमूट निळा घालत जायचे, मान वाकडी करून पाहायचे, "अजून पिवळाच हाय" म्हणायचे आणि पुन्हा घालायचे. मी समोर दिसत होता तसा कापूस काढला होता. मला तो बरा वाटत होता. त्यांनी येऊन माझ्या बोंडांसमोर उभं राहून शेरा दिला, "ताई, तुमचा कापूस कवडी झाला."

कवडी म्हणजे हंगामाच्या शेवटचा, डागी, पिवळा पडलेला कापूस. मला राग आला. "चित्रात आहे तसाच आहे."

"चित्र बी पिवळंच पडलं न. वर वार्निस हाय, धूर हाय, वर्सानुवर्साची धूळ हाय. पण हे सीतादही हाय, ताई. पह्यली वेचणी. पह्यल्या वेचणीचा कापूस कवडी कसा असंन? ज्या मास्तरनं गडव्यातल्या दह्याची साय काढली, तो इथं चुकंन? त्यानं पांढराच काढलता. मले तोच काढा लागते."

मुद्दा बिनतोड होता. एकच गोष्ट मला खटकत होती. मला मूळ चित्रातला कापूस पिवळा वाटतच नव्हता. थोडा धुरकट म्हणा, पण पिवळा नाही. पण ज्याचं उभं आयुष्य कापसात गेलं त्याला उशीतला कापूस पाहिलेल्या बाईनं काय सांगायचं? मी गप्प बसले. नंतर मला कळलं की केंद्राबाहेरच्या रांगेतली माणसंही अशीच गप्प बसत होती.

एक बाई मात्र बसली नाही. एका सोमवारी साहेब हसत आले. "आज एका बाईनं माही हजामत केली." बोरी अरबकडच्या एका बंजारा तांड्यावरची होती ती. स्वतः गाडी हाकत आलेली, सोनाबाई नावाची. साहेबांनी तिच्या कापसाला खालची प्रत दिली तर ती गाडीवर उभी राहिली आणि साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं ओरडली, "पांढराफेक कापूस हाय माहा! डोळे धुऊन ये पह्यले!" रांगेतली माणसं तिलाच हसली. साहेब खोटं सांगणार नाहीत याची सगळ्यांना खात्री. कोणीतरी म्हणालं, घरचा जुना कापूस खाली दाबून आणला असेल. तशी ती खाली बसली आणि तोंड फिरवून गाडी आत घेऊन गेली.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. बाईमाणूस तापट हाय. कापूस कवडी होता." आणि ते निळ्याची नळी उघडू लागले.

पौषातल्या एका सोमवारी त्यांनी चित्र पुसायचा हट्ट धरला. एवढंसं, एकाच बोंडावरचा मळ, म्हणजे खाली काय आहे ते कळेल. चित्राला हात लावायचा नाही असा कमिटीचा लेखी नियम, आणि तो पाळायला मी नेमलेली. पण साधंच पुसणं होतं. साबण नाही, टर्पेंटाइन नाही. त्यांना कोण्या जुन्या पेंटरनं सांगितलं होतं की कापसाच्या बोळ्याला थुंकी लावून हळूच फिरवायची, त्याच्यासारखं सौम्य काही नाही. शिपाई लगेच पुढे झाला. साहेबांनी त्याच्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं रंगलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू दूर ऱ्हाय." मी औषधाच्या दुकानातून निळ्या कागदातली कापसाची गुंडाळी आणली होती.

त्यांनी काडीला बोळा गुंडाळला, जिभेला लावला आणि खालच्या कोपऱ्यातल्या बोंडावर गोल गोल फिरवला. श्वाससुद्धा रोखून. मग बोळा बाहीवरच्या काळ्या चौकोनावर धरला आणि एकदम उजळले. "पाहा ताई! पाहा कसं पिवळंजर्द निघालं! सांगत नोतो?"

मी वाकून पाहिलं. बोळ्यावर थोडी राखाडी धूळ होती. कपाट पुसल्यावर येते तेवढी. बाकी बोळा पांढरा.

"पिवळं कुठे आहे?" मी म्हणाले.

"हे काय! आंधळ्या झाल्या काय?"

माझ्या मनात काही नव्हतं. खरंच नव्हतं. त्यांना फरक दाखवावा म्हणून मी गुंडाळीतला कोरा कापूस तोडला आणि त्यांच्या बाहीवर बोळ्याशेजारी ठेवला. त्यांनी सवयीनं तो उचलला, ओढला, चौकोनावर ठेवला, डोळ्यांजवळ नेला.

"हा कोण्या दुकानातून आणला?" ते म्हणाले. "तुमाले फसवलं त्यानं. हा बी कवडीच हाय."

मी हसले. मग माझं हसू गेलं. निळा कागद टेबलावर तसाच पडला होता.

"साहेब, हा दवाखान्याचा कापूस आहे."

 त्यांनी डावा डोळा झाकून पाहिलं. मग उजवा झाकून पाहिलं. खिडकीत गेले, उन्हात धरून पाहिलं. परत आले. माझ्या चित्रासमोर उभे राहिले, स्वतःच्या निळ्या बोंडांसमोर उभे राहिले. मला त्या क्षणी ते चित्र, ते सोमवार, माझा तो कोरा कापूस, सगळं नकोसं झालं. कोणाचंतरी आयुष्यभराचं सोनं माझ्या हातून पितळ ठरलं होतं.

खुर्चीत बसून ते एवढंच म्हणाले, "थ्या बाईचा कापूस पांढरा होता."

आणि थोड्या वेळानं, "पुरा हंगाम, ताई. कोणी बोललं बी नाही मले. काहून नाही बोलले?"

काय सांगणार? तुम्ही सरळ होता म्हणून. तुम्ही कोणाचा चहा पीत नव्हता म्हणून. लबाड माणसाशी लोक भांडले तरी असते.

दुसऱ्या दिवशी ते अर्ज लिहून माझ्याकडे घेऊन आले, शुद्धलेखन तपासायला. त्यात लिहिलं होतं, 'माझ्या डोळ्यांना पांढरा कापूस पिवळा दिसतो. या हंगामात मी चांगल्या कापसाला खालची प्रत दिली आहे. मला प्रतवारीच्या कामावरून काढावे.' मी म्हणाले, साहेब, नुसतं 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे' लिहा. चौकशी लागेल. त्यांनी पेन परत घेतलं. "वेलांटी चुकली असंन तर सांगा. बाकी बरोबर हाय." केंद्रावरच्या वरिष्ठांनीही त्यांना तेच सुचवलं म्हणे. कोणाची तक्रार नाही, कशाला ओढवून घेता? ह्यांनी अर्जाची पोच मागितली. परत करण्यासारखं काहीच नव्हतं, ही खरी गोष्ट. सगळ्यांचा कापूस केव्हाच एका गंजीत मिसळून गेला होता. त्यातलं सोनाबाईचं बोंड आता कोण ओळखणार?

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, आणि ते मला घेऊन सोनाबाईच्या तांड्यावर गेले. बोरी अरबला एस.टी.तून उतरलो. मी फळं घ्यायला थांबले तर म्हणाले, "पाहुणचाराले नाही जाऊन राह्यलो." वाटेत तीनदा त्यांनी चष्मा पुसला. चष्म्यात काही नव्हतं.

सोनाबाई घरासमोर वाळल्या पऱ्हाटीच्या मोळ्या बांधत होती. तिच्या लेकीनं "याडी!" म्हणून आईला हाक मारली, तशी तिनं मान वर केली. साहेबांना पाहून ती उठली नाही. म्हणाली, "डोळे धुतले काय?"

"तेच सांगाले आलो," साहेब म्हणाले. "मोतीबिंदू हाय डोळ्यात. तुमचा कापूस चांगला होता. मी चुकलो."

"मंग आता?"

"आता काही होत नाही. कापूस गंजीत गेला."

"मंग कायले आला?"

"तुमाले सांगाले."

ती बराच वेळ मोळी आवळत राहिली. मला वाटलं आता ही शिव्या देणार, आणि द्याव्यातच असं वाटलं. ती आत गेली आणि मूठभर कापूस घेऊन आली. पहिल्या वेचणीचा, देवापुढच्या वातींसाठी ठेवलेला. तो साहेबांच्या हातावर ठेवून म्हणाली, "सांग. कसा हाय?"

साहेबांनी डोळे मिटले आणि नुसत्या बोटांनी धागा ओढला. "लांबी चांगली हाय. जोर हाय धाग्यात. रंगाचं मले नका इचारू."

"रंगाचंच इचारून राह्यली मी." तिनं कापूस परत घेतला, फडक्यात बांधला. "डोळा नीट कर अन् मंग ये. हा असाच ठेवतो मी तोपर्यंत."

तिच्या बोलण्यात माफी नव्हती. पण परत ये म्हणाली, एवढं धरून साहेब सबंध रस्ताभर ताठ चालले.

यवतमाळला एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यावर ते घरी जायच्या आधी वाचनालयात आले, काळा चष्मा लावून. चष्मा काढला आणि चित्रासमोर उभे राहिले. एक डोळा झाकायचे, दुसरा झाकायचे. "ह्या डोळ्यानं सुपर. ह्या डोळ्यानं कवडी." सुपर ही सगळ्यात वरची प्रत. पुन्हा. "सुपर. कवडी." मग स्वतःच्या नकलेकडे वळले आणि मोठ्यानं हसले. "अरे बाप्पा! हे कापसाचं वावर हाय का निळीचं?" हसता हसता त्यांना खुर्ची शोधावी लागली. त्या दिवशी मी 'शांतता राखा' कडे पाहिलंसुद्धा नाही.

मी म्हणाले, तो कापूस खरवडून पुन्हा रंगवू. नको म्हणाले. "राहू द्या. माह्या डोळ्याचा रिपोर्ट हाय थो." नंतर त्यांनी नव्यानं सबंध चित्र उतरवलं, मातकट थरापासून. या खेपेला पांढरा लावायला त्यांना तीन महिने लागले. त्यात थोडा पिवळाही होता, थोडा निळा, थोडी मातीसुद्धा, आणि लांबून नुसता पांढरा. मास्तरांचा पांढरा सापडला होता. ती नक्कल त्यांनी घरी लावली. निळी माझ्याकडे दिली.

तांड्यावर मात्र ते या वेळी एकटे गेले. परत आल्यावर मी खोदून खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. सोनाबाईनं गाठ सोडली. त्यांनी कापूस ओढला, बाहीवर ठेवला आणि म्हणाले, सुपर. ती म्हणाली, "मले काय सांगतं? मले ठाऊक हाय. भाईर ये." तिनं त्यांना तांड्याच्या प्रमुखाच्या, नायकाच्या ओट्यासमोर नेलं, चार माणसं गोळा केली आणि म्हणाली, "आता मोठ्यानं सांग." रांगेत आपली फजिती मोठ्यानं झाली होती, एवढंच तिचं म्हणणं. साहेबांनी मोठ्यानं सांगितलं. मग तिनं त्यांना चहा दिला. आणि त्यांनी तो घेतला, हे मला जास्त नवलाचं वाटलं.

पुढे ते निवृत्त झाले, केंद्रही बंद पडलं. कापूस व्यापाऱ्यांकडे जाऊ लागला. पण दर वर्षी सीतादही झालं की सोनाबाई बाजाराच्या दिवशी फडक्यात मूठभर कापूस बांधून आमच्या वाचनालयात यायची. साहेब तिथे असणारच हे तिला माहीत. "भाव व्यापारी सांगते," ती मला म्हणाली होती, "कापूस कसा हाय ते हा सांगते." साहेब पायरीवर बसायचे. आधी ती म्हणायची, "डोळे धू." ते निमूट नळावर जाऊन डोळे धुऊन यायचे, मग धागा ओढायचे. आणि एखाद्या वर्षी कापूस खरंच उतरलेला असला तर तसंही सांगायचे. तेव्हा ती मुकाट मान हलवायची. अशी किती वर्षं गेली ते मी मोजलं नाही. मोजायची गरज पडेल असं वाटलंच नाही.

साहेब भाद्रपदात गेले. झोपेत, काही त्रास न होता. त्यांच्या बायकोनं माझ्याकडे रंगांची पेटी पाठवली. त्यात पांढऱ्याची एक नळी होती, शेपटापासून नीट दुमडत आणलेली.

दिवाळीच्या आधी सोनाबाई आली. तिला कळलं नव्हतं. पायरीवर बसून तिनं इकडे तिकडे पाहिलं. "साहेब नाही आला आज?" मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि सांगितलं.  तिचा हात फडक्याच्या गाठीवर तसाच राहिला. आत पेपर चाळल्याचा आवाज येत होता.

मग तिनं गाठ सोडली आणि फडकं माझ्या मांडीवर ठेवलं.

"सांग मंग."

"मी? मला काय कळतं त्यातलं?"

"तुले त्यानं शिकवलं न?"

"चित्र शिकवलं, सोनाबाई."

"पांढरं शिकवलं का नाही?"

 मी कापसाला हात लावणार तोच ती म्हणाली, "डोळे धू पह्यले."

मी उठले. नळावर गेले. डोळे धुतले. साहेबांना लागायचा त्याहून जरा जास्तच वेळ लागला. परत आले तेव्हा आमच्या म्हाताऱ्या शिपायानं न सांगता त्याची काळी छत्री माझ्या पुढ्यात आणून ठेवली होती. मी चिमूट काढली, ओढली, एकावर एक ठेवून पुन्हा ओढली. चार तंतू छत्रीवर ठेवले आणि वाकून पाहिलं. आधी एका डोळ्यानं, मग दुसऱ्या.

"सुपर," मी म्हणाले.

"मोठ्यानं सांग," सोनाबाई म्हणाली.

मी उभी राहिले. उघड्या दारातून समोर माझं टेबल दिसत होतं, मागे ती पाटी, आणि तिच्याखाली माना खाली घालून वाचणारी माणसं. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्या वाचनालयात ओरडले. सगळ्यांनी माना वर केल्या.